तुझा चेहरा कितीला गेला?

“अगं, जरा इकडे ये. हे खरं आहे की फसवाफसवी, ते बघ.”

मालतीताई कुंपणापलीकडून फोन नाचवत होत्या. दुसऱ्या हातात खुरपी. इलिनॉयमधल्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मदर्स डे उलटल्याशिवाय टोमॅटोची रोपं जमिनीत घालत नाहीत, नाहीतर एखाद्या रात्री थंडी उलटते आणि सकाळी रोपांनी माना टाकलेल्या असतात. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर अख्खी गल्ली मागच्या अंगणात उतरते. हिवाळाभर साठलेल्या बातम्या याच काळात बाहेर पडतात.

ईमेल मी वाचली. फोटोंच्या कुठल्याशा ॲपनं चेहऱ्यांची मोजमापं न विचारता साठवली, म्हणून सामूहिक खटला झाला, आता तडजोड झाली आहे, तुम्हीही दावा लावू शकता, असा मजकूर.

“न्यायालयाचं नाव आहे, खटल्याचा क्रमांक आहे, न्यायाधीशांचंही नाव आहे. पैसे मागितलेले नाहीत. खरी वाटतेय. पण लिंक दाबू नका हं मालतीताई. क्रमांक आधी कोर्टाच्या साइटवर ताडून बघू.”

“तुला बरं हे सगळं ठाऊक.”

ठाऊक असायला मी वकील नाही. मी गावच्या लायब्ररीत चौकशीच्या खिडकीवर बसते. लोक समजतात आम्ही पुस्तकं शोधून देतो. प्रत्यक्षात आम्ही फॉर्म भरून देतो. २०२० च्या शरद ऋतूत, कोव्हिडमुळे लायब्ररीचं दार बंद असताना, फोनवर एकच प्रश्न यायचा: फेसबुक पैसे देतंय म्हणे, खरं का हो?

“ते फेसबुकचे पैसे! ३९७ डॉलर,” मालतीताई म्हणाल्या. “मी त्यातून ग्राइंडर घेतला ना, इडलीचं पीठ वाटायला. म्हणजे माझा चेहरा गेला ३९७ ला. तुझा कितीला गेला?”

“माझाही तेवढ्यालाच. यांचा मात्र फुकट गेला.”

हे मी बोलायला नको होतं, कारण ‘ह्यांची’ गोष्ट कुंपणापलीकडे गेली की चार घरं फिरूनच परत येते. पण सांगायला सुरुवात केलीच होती. आमचे हे सॉफ्टवेअरमधले. ऑफिसात फसव्या ईमेली कशा ओळखाव्यात यावर भाषणं देतात. त्यामुळे कोर्टाची ती नोटीस त्यांनी मोठ्या तत्परतेनं उडवली. “असल्या फुकटच्या पैशांच्या मेल चोरांच्याच असतात,” हे वर मला सुनावलं. चेक आले तेव्हा माझ्या नावाचा एकच लिफाफा बघून ते गप्प झाले, आणि त्या संध्याकाळी त्यांनी न सांगता भांडी घासली.

“एकटे तेच नव्हेत,” मी म्हटलं. “इलिनॉयमध्ये सुमारे ६९ लाख लोक त्या दाव्याला पात्र होते. अर्ज केला जेमतेम १६ लाखांनी. चारातला एकसुद्धा नाही. आणि तरी लोक म्हणाले, प्रतिसाद फार चांगला आला. एरवी एवढेही करत नाहीत.”

“पण ती कोपऱ्यावरची, विस्कॉन्सिनहून आलेली, तिला नाही मिळाले.”

“इलिनॉयमध्ये निदान १८३ दिवस राहिलेलं असायला हवं होतं. ती नुकतीच आलेली.”

“तरी म्हटलं! मला सांगत होती, मी तत्त्वासाठी अर्जच केला नाही.” मालतीताईंचा चेहरा उजळला. एवढ्यावरच त्यांची सकाळ साजरी झाली असती. पण त्यांना मुळातच एक शंका होती, आणि ती रास्त होती. “मला अजून कळलेलं नाही की आपलं गेलं काय? फोटो आपणच टाकले होते.”

“फोटो आपण टाकले. मोजमाप त्यांनी घेतलं. आठवतं का, मंडळाच्या गणपतीचे फोटो टाकले की लगेच चेहऱ्याभोवती चौकोन यायचा आणि नाव सुचवलं जायचं?”

“हो की! मी नऊवारी, नथ, चंद्रकोर अशा थाटात होते, तरी बरोबर ओळखलं. आमच्या जाऊबाईंनी ओळखलं नव्हतं.”

“तेच ते. चेहऱ्याची ठेवण आकड्यांत मांडून तो नमुना साठवून ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक फोटो त्याच्याशी ताडून बघायचा. त्याबद्दल आधी लेखी सांगायला हवं, किती दिवस ठेवणार ते कळवायला हवं आणि लेखी संमती घ्यायला हवी, असा आपल्या राज्याचा कायदा २००८ पासून आहे. अनवधानानं मोडला तर प्रत्येकी हजार डॉलर, मुद्दाम किंवा बेफिकिरीनं मोडला तर पाच हजार.”

“२००८? तेव्हा तर आमच्याकडे साधा फोन होता.”

हीच त्यातली मजा. हा कायदा फेसबुकसाठी झालाच नव्हता. तो झाला बोटांसाठी. त्या काळात पे बाय टच नावाची एक सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी होती. शिकागोच्या आसपास किराणा दुकानांत तिची यंत्रं लागली होती: बोट टेकवा, बिल थेट बँकेतून जाईल. आणि २००७ च्या अखेरीस कंपनीचं दिवाळं वाजलं. दिवाळखोरीत खुर्च्याटेबलं विकतात, तशी गिऱ्हाइकांच्या बोटांची यादीही विकणार की काय, अशी हाकाटी झाली. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या इलिनॉय शाखेनं जोर लावला आणि विधिमंडळानं कायदा केला. कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे की सोशल सिक्युरिटी नंबर चोरीला गेला तर बदलून मिळतो, बोट बदलून मिळत नाही.

“ते बोटाचं यंत्र मला आठवतंय,” मालतीताई म्हणाल्या. “आमच्या ह्यांनी साफ नकार दिला होता. म्हणाले, माझं बोट फक्त मतदानाच्या शाईसाठी. इथं शाई लावत नाहीत हे त्यांच्या लक्षातच नाही.”

मग त्यांनी खुरपी कुंपणाच्या फळीवर ठेवली. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

“पण नुकसान काहीच नाही आणि वर पैसे, हे मनाला पटत नाही बाई.”

“हाच प्रश्न कोर्टात आला होता. गर्नीचं सिक्स फ्लॅग्ज, ते पाळण्यांचं पार्क, माहीत आहे ना? तिथं एक चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गेला. हंगामी पासासाठी त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला. घरी आल्यावर आईनं विचारलं, कागद कुठाय? तर कागदच नाही. ना सूचना, ना सही. आईनं दावा लावला. कंपनी म्हणाली, नुकसान दाखवा. २०१९ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. न विचारता घेतलं, तिथंच हक्क मोडला.”

“आईनं कागद मागितला, हे मात्र बेस केलं.”

मलाही त्या खटल्यात ती आईच आवडते. ना ती कुणाची कार्यकर्ती, ना तिला तंत्रज्ञानातलं काही कळत असल्याचं कुठे वाचलं. शाळेच्या सहलीचा कागद मागणारी कुठलीही आई मागेल तसा तिनं मागितला आणि राज्यभरातल्या शेकडो दाव्यांची वाट मोकळी झाली.

फेसबुकचा दावाही तसाच, तिघा साध्या वापरकर्त्यांनी २०१५ मध्ये लावलेला. इलिनॉयचा खटला चालला मात्र सॅन फ्रान्सिस्कोत, कारण आपण न वाचता ‘मान्य’ म्हणून दाबतो त्या करारात, भांडण झालं तर कॅलिफोर्नियात, असं लिहिलेलं असतं. फेसबुकनं आणखी पुढची चाल केली: त्याच करारानुसार कॅलिफोर्नियाचाच कायदा लावा, म्हणजे इलिनॉयचा कायदा आपोआप गळतो. न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनी ते मानलं नाही. मग अपील झालं, तेही हरले. थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्या न्यायालयानं २०२० च्या जानेवारीत प्रकरण ऐकायलाच नकार दिला. आणि लगोलग ५५ कोटी डॉलरांची तडजोड जाहीर झाली.

“५५? मी ६५ ऐकलंय.”

“तेच तर सांगतेय. दोन्ही बाजूंचे वकील हात मिळवून आले आणि न्यायाधीश म्हणाले, हे पुरेसं वाटत नाही. हिशेब करा ना. ६९ लाख माणसं गुणिले किमान हजार डॉलर, म्हणजे ६९० कोटी. त्यातले ५५ घेऊन गप्प बसायचं? कायदेमंडळानं हजार म्हटलंय, तुम्ही एवढी सूट कशाच्या जोरावर देताय? शेवटी १० कोटी आणखी वाढले.”

“शाब्बास! आणि वकिलांनी किती नेले?” मालतीताई मूळच्या डोंबिवलीच्या, चाळीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काढलेल्या. असली रेघ त्या ओढणारच.

“९ कोटी ७५ लाख. मागितले त्याहून जास्त होते, न्यायाधीशांनी कापले.”

“आणि ज्यांनी दावा लावला त्या तिघांना?”

“पाच-पाच हजार.”

“बघ! म्हणजे माकडानं लोणी खाल्लं.”

यावर आमची थोडी जुंपली. वकिलांनी मलई खाल्ली हे खरं. पण एकट्या मालतीताईंनी ३९७ डॉलरांसाठी वकील केला असता तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला असता. कुणी केलाच नसता, आणि हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं. लाखो लोकांचं थोडं थोडं न्यायचं, म्हणजे कुणालाच भांडणं परवडत नाही. सगळ्यांचं भांडण एकत्र बांधलं तरच कुणी वकील सहा वर्षं स्वतःच्या खिशातून खर्च करून लढतो. हरला असता तर त्याला छदामही मिळाला नसता. मालतीताईंना हे पटलं की नाही कोण जाणे, पण “सहा वर्षं?” एवढं त्या दोनदा म्हणाल्या.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरात फेसबुकनं ती चेहरे ओळखायची यंत्रणाच बंद करायचं जाहीर केलं. अब्जाहून जास्त लोकांचे नमुने पुसणार म्हणाले. त्यात रत्नागिरीच्या माझ्या मामेबहिणीचाही नमुना असणार. तिला ३९७ डॉलर मिळाले नाहीत, पण चेहरा परत मिळाला.

अती मात्र झालंच. व्हाइट कॅसल माहीत असेल, ते छोटे चौकोनी बर्गरवाले. त्यांच्याकडे कामगारांना पगाराची पावती बघायला बोट टेकवावं लागायचं. २०२३ मध्ये राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दर वेळी टेकवलेलं बोट हा वेगळा कायदाभंग. कंपनीनं हिशेब मांडला, ९,५०० कामगार, रोजचं टेकवणं, म्हणजे १,७०० कोटी डॉलरांहून जास्त.

“बर्गर विकून?” मालतीताई किंचाळल्या. शेजारच्या कुत्र्यानं भुंकून दाद दिली.

न्यायालयानंही म्हटलं होतं की हे विधिमंडळानं बघावं. त्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला: एका माणसाचं एकाच प्रकारे कितीही वेळा घेतलं तरी भरपाई एकदाच. माझ्या मते ठीक केलं. कंपनी बुडवून कामगाराला काय मिळणार?

“आमच्या ह्यूस्टनच्या भाचीला काही मिळालं नाही,” मालतीताईंना एकदम आठवलं. “मी तिला फोन करून सांगितलंसुद्धा, अर्ज कर म्हणून.”

“मिळणारच नाही. पण टेक्सासला आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त मिळाले, माहीत आहे? २०२४ च्या जुलैत त्याच फेसबुकच्या मालकांनी, मेटानं, टेक्सासला १४० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याच चेहऱ्यांसाठी.”

“मग भाचीचे कुठायत?”

“सरकारी तिजोरीत. टेक्सासचा कायदाही जुनाच आहे, २००९ चा. पण तिथं दावा फक्त राज्याचे ॲटर्नी जनरल लावू शकतात. नागरिकानं नाही. कायदा २००९ चा, आणि त्याखाली पहिला दावा उभा राहिला २०२२ मध्ये. तोवर तेरा वर्षं भाचीनं काय करायचं? वाट बघायची.”

इथं मालतीताई पहिल्यांदाच गप्प झाल्या. माझं म्हणणं एवढंच असतं, आणि लायब्ररीतही मी ते सांगून सांगून लोकांना कंटाळा आणते: कायद्यात काय लिहिलं आहे ते नंतर वाचा, आधी हे बघा की तो घेऊन कोर्टाची पायरी तुम्हाला स्वतःला चढता येते का. दंडाचा आकडा कितीही मोठा असू दे. पायरी दुसऱ्याच्याच पायाखाली असेल तर तो केव्हा चढेल ते त्याच्या मर्जीवर.

“तिकडे आपल्याकडे कसं आहे मग?” ‘आपल्याकडे’ म्हणजे डोंबिवली. मालतीताईंचे धाकटे भाऊ परवाच फोनवर कुरकुरत होते म्हणे, दुकानात बनियन घेतला तरी मोबाइल नंबर विचारतात.

“नाही म्हणायला सांगा. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असं म्हणू नका, हे केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुकानदारांना २०२३ मध्येच बजावलंय. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमुखानं सांगितलंय. तोही दावा एका निवृत्त न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामींनी, स्वतःच्या नावावर लावलेला. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले. दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत.”

“वा!”

“तो दंड जमा होणार भारत सरकारच्या निधीत. माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं, ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागायचं जे कलम, ते हा नवा कायदा गाळतो. उलट खोटी किंवा फालतू तक्रार केली तर तुमच्या भावालाच दहा हजारांपर्यंत दंड.”

“म्हणजे टेक्सास.”

“टेक्सास. ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक दार आहे. सगळ्यांचं गाऱ्हाणं सारखं असेल तर आयोगाच्या परवानगीनं एक जण सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतो. घरं वेळेवर न मिळालेले लोक ते दार वापरतात. चेहऱ्याबिहऱ्यासाठी त्यात शिरायचं तर भावाला बरीच मंडळी गोळा करावी लागतील.”

“तो सोसायटीच्या मीटिंगला कोरम गोळा करू शकत नाही,” मालतीताई म्हणाल्या आणि विषय तिथंच संपवला.

मग इलिनॉयच्या कायद्यापायी इथं काय काय मिळत नाही याची उजळणी झाली. ही यादी मोठी गमतीची आहे. त्यांच्या नातवाला सोनीचा तो यंत्राचा कुत्रा हवा होता, ऐबो. कुत्रा मालकाचा चेहरा ओळखतो, म्हणून सोनी तो इलिनॉयला विकतच नाही. पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं. २०१८ च्या जानेवारीत सगळी अमेरिका गूगलच्या ॲपवर आपला चेहरा कुठल्या जुन्या चित्राशी जुळतो ते बघून खिदळत होती. ते आपल्याकडे बंद आणि टेक्सासातही बंद. आणि गूगलच्या दारावरच्या कॅमेऱ्याला ओळखीचे चेहरे सांगता येतात, पण इलिनॉयमध्ये तो नुसताच म्हणतो, कुणीतरी आलंय.

“तरीच मेला दर वेळी ‘कुणीतरी’ म्हणतो!” मालतीताई म्हणाल्या. “तू दिवसातून तीनदा येतेस, तरी तुला ओळखत नाही.”

“मोजता वाटतं?”

“मी नाही, तो मोजतो.”

हे उत्तर मी मनात ठेवून दिलं.

“आणि ती दुसरी कंपनी,” त्यांनी विचारलं, “पोलिसांना चेहरे विकते ती? तिचंही काहीतरी झालं ना?”

क्लिअरव्ह्यू एआय. इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो गोळा करून चेहऱ्यांचा शोध लावून देणारी. तिच्यावरचे दावे शिकागोच्या केंद्रीय न्यायालयात एकत्र आले. पण अडचण अशी निघाली की भरपाई द्यायला कंपनीकडे तेवढे पैसेच नाहीत. मग तोडगा काय निघाला? ज्यांचे चेहरे घेतले, त्या सगळ्यांना मिळून कंपनीतला २३ टक्के हिस्सा. कंपनी विकली गेली किंवा शेअर बाजारात आली तर त्यातून वाटणी. वीसहून जास्त राज्यांचे ॲटर्नी जनरल याच्या विरोधात उभे राहिले, तरी न्यायाधीशांनी २०२५ च्या मार्चमध्ये मान्यता दिली.

मालतीताईंनी खुरपी उचलली, परत ठेवली.

“थांब, थांब. ज्यानं न विचारता माझा चेहरा उचलला, त्याच्याच धंद्यात माझी पाती?”

“अर्ज केलेला असेल तर हो.”

“म्हणजे माझे पैसे मला मिळायचे तर त्यानं आणखी लोकांचे चेहरे विकायला हवेत.”

“जवळपास तसंच.”

“मग मी देव पाण्यात घालून बसू ते कशासाठी? त्याचा धंदा वाढावा म्हणून, की बुडावा म्हणून?”

“इलिनॉयच्या पोलिसांना पाच वर्षं विकायचं नाही असं त्यांनी २०२२ मध्ये दुसऱ्या एका दाव्यात कबूल केलंय. बाकीच्या राज्यांत गिऱ्हाइकं आहेत. पोलीसच जास्त.”

“ह्यूस्टनला?”

“तिथं विकायला बंदी नाही.”

“मग भाचीला फोन करायला हवा,” मालतीताई म्हणाल्या. “पैसे सरकारला, चेहरा पोलिसांना. हिच्या वाट्याला आलं काय?”